घरटी एक

माझ्या मुलाच्या शोधनिबंधाला हिरवा ठिपका मिळाला, त्या दिवशी ताराबाई पार्कातल्या आमच्या घरी सकाळपासून पेढ्यांचे खोके येत होते. मी एकही पेढा तोंडात घातला नाही. निबंध वाचल्याखेरीज लेखकाचे अभिनंदन करण्याची सवय मला कधीच नव्हती, आणि त्या दिवशी आलेल्या मंडळींपैकी एकानेही निबंध वाचलेला नव्हता. त्यांनी फक्त ठिपका पाहिला होता.

"वाचलात का हो?" मी शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांना विचारले.

"आक्कासाहेब, हिरवा आहे म्हटल्यावर वाचायचं काय?" पेढा चघळत ते म्हणाले.

या गृहस्थांनी आयुष्यभर माणसांचे निकाल लावले होते. मी त्यांना दुसरा पेढा दिला. बोलण्यापेक्षा ते तोंड खाण्याला अधिक योग्य होते.

मी, डॉ. शैलजा सरनोबत, सव्वीस वर्षे लसविज्ञानाच्या एका राष्ट्रीय पत्रिकेची संपादक होते. आमच्या काळी निबंध आला की तो तीन परीक्षकांकडे जाई. ते भांडत, आडवेतिडवे प्रश्न विचारत, लेखकाला घाम फुटे. त्या चाळणीतूनही कधीमधी लबाड निसटत, हे मी नाकारत नाही. मग एक फार मोठा लबाड निसटला. एका परदेशी कंपनीने एकाही माणसाला सुई न टोचता, बंद खोलीत बसून लसीची अख्खी चाचणी रचली आणि जगातल्या नामवंत नियतकालिकांनी ती छापली. बिंग फुटल्यावर आया दवाखान्यांच्या दारातून मुले परत नेऊ लागल्या. गेलेला गोवर परत आला, घटसर्प परत आला. तेव्हा आमच्या विद्वानांनी स्वतःचे डोळे उघडण्याऐवजी डोळ्यांचे काम यंत्राला दिले. त्या यंत्राचे नाव 'पारख'.

पारखमागचे शास्त्र पोकळ नाही, एवढे मी मान्य करते. माणूस मनाने आकडे रचू लागला की त्याचे ठसे उमटतात. एकच आकडा लागोपाठ लिहायची त्याला भीती वाटते, म्हणून तो ते टाळतो. निसर्गाला ती भीती नसते. आकडे रचणारा टोकाची माणसेही विसरतो. लस टोचूनही ज्याच्या रक्तात काहीच घडत नाही असा एखादा, आणि ज्याच्या रक्तात इतरांच्या कितीतरी पट घडते असा दुसरा, हे दोघेही रचलेल्या चाचणीत सहसा सापडत नाहीत. हजारो खऱ्याखोट्या चाचण्या वाचून पारख हे ठसे ओळखायला शिकले. शिवाय प्रयोगशाळेतले उपकरण रक्त तपासून जो आकडा काढते, तो कुणाच्याही हाताला न लागता कुलूपबंद होऊन थेट पारखकडे जातो. मधे बोट घालायला जागाच नाही. आकडे अस्सल असतील तर हिरवा ठिपका, रचलेले असतील तर तांबडा. तिसरा रंग नाही.

परीक्षक घरी बसले. संपादक ठिपके चिकटवणारे कारकून झाले. आणि लोक? लोक दवाखान्याच्या दारात फोनवर रंग पाहू लागले आणि बाही वर करू लागले. याला विश्वास म्हणायची पद्धत पडली. चौकातल्या सिग्नलवर ठेवतो तोच हा विश्वास.

रणधीर, माझा थोरला, गोचीडतापाच्या लसीवर काम करत होता. आजरा-चंदगडकडच्या जंगलालगतच्या गावांत काजूच्या हंगामात हा ताप येतो. पाचोळ्यातली गोचीड चावते, आठवड्याभरात डोके फुटू लागते, नाकातोंडातून रक्त येते, आणि काही माणसे परत उठत नाहीत. त्यावरची लस जुनीच, दोन मात्रांची, महिन्याच्या अंतराने घ्यायची. दोन्ही घेतल्या तर उत्तम काम करणारी. आरोग्य खात्याला मात्र दुसऱ्या मात्रेचा कंटाळा आला होता. डोंगरातल्या माणसाला पुन्हा बोलावणे म्हणजे साहेबलोकांना केवढा त्रास! म्हणून रणधीरला विचारण्यात आले, एकीवर भागेल का?

त्याने चाचणी रीतसर केली. अर्ध्या लोकांना दोन्ही सुया लसीच्या, उरलेल्या अर्ध्यांना पहिली लसीची आणि दुसरी नुसत्या मिठाच्या पाण्याची. कुणाला काय मिळाले, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. शेवटी रक्त तपासून पाहिले, तर दोन्ही गटांची प्रतिपिंडे सारखीच. निष्कर्ष: एक मात्रा पुरेशी. ठिपका: हिरवा. येत्या हंगामाआधी जंगलकडेच्या प्रत्येकाला एकच सुई टोचायची, अशी घोषणाही होऊन गेली.

पाहुणे पांगल्यावर मी त्याला समोर बसवले.

"रणधीर, या आलेखात मला एकच रेघ दिसते. चष्मा बदलू का?"

"नाही, आईसाहेब. दोन आहेत. एकीवर एक बसल्यात."

"का बसल्यात?"

"कारण दुसरी मात्रा अनावश्यक आहे."

"हे उत्तर झाले नाही. हे तुझ्या निबंधाचे शीर्षक झाले."

तो हसला. त्रेपन्न वर्षांचा मुलगा आईकडे पाहून ज्या सोशीकपणे हसतो, तो सोशीकपणा मला सहन होत नाही.

मेलेल्या विषाणूची लस म्हणजे काय, हे मी या मुलाला शाळेत असताना शिकवले होते. शरीराची आणि परक्याची पहिली भेट ही नुसती तोंडओळख असते. प्रतिपिंडे थोडी तयार होतात आणि ओसरतात. मागे राहते ती आठवण. दुसऱ्या भेटीत ती आठवण जागी होते आणि प्रतिपिंडे कितीतरी पटींनी उसळतात. दुसऱ्या मात्रेने रक्तात काहीच हालचाल होऊ नये, हे त्या रक्ताच्या स्वभावात बसत नाही.

"यातली किती माणसे तू स्वतः पाहिलीस?" मी विचारले.

"एकही नाही." हे तो अभिमानाने म्हणाला. "पाहिली असती तर ठिपकाच मिळाला नसता. कायदा आहे, आईसाहेब. नाव नाही, चेहरा नाही, बोटाचा ठसा नाही. प्रत्येकाला एक क्रमांकाचं कार्ड. परिचारिकेनंसुद्धा नाव विचारायचं नाही."

"म्हणजे ज्याच्या दंडात सुई गेली तो कोण, हे कुणालाच ठाऊक नाही."

"कार्डाला ठाऊक आहे ना!"

मी उठले. दुसऱ्या दिवशी हाळोबावाडीला जाण्यासाठी गाडी सांगून ठेवली. या चाचणीचे सर्वांत मोठे केंद्र तिथे होते.

हल्लीची गाडी आपली आपण चालते, आणि वाटेत मला धबधब्यांची माहिती देऊ लागली. मी तिला गप्प केले. आजऱ्याच्या पुढे काजूच्या बागा आणि त्यांना खेटून जंगल सुरू होते. हाळोबावाडीत दूध संस्थेच्या सभागृहात सुया टोचल्या गेल्या होत्या. मी तिथेच खुर्ची मागवली. कायदा चाचणी करणाऱ्यांना होता; मी विचारपूस करणारी एक म्हातारी बाई होते. चाचणीत असलेल्या कुणालाही बोलवा, म्हटले. पंचेचाळिशीचा, मिशीला पीळ दिलेला एक गडी पुढे आला आणि नमस्कार करून समोर बसला. युवराज पोवार.

"पोवार, पहिली सुई कोणत्या दंडात घेतलीत?"

"पयली व्हय? पयली दादानं घेतली की." दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बाळासाहेब.

"मग तुम्ही दुसरी घेतली?"

"न्हाई. दुसरीला वैनी गेलती. दादा बागंत हुता."

"आणि तुम्ही?"

"म्या रगात दिलं." त्याने बाही वर करून दंड दाखवला. "आमच्या घरात माझं रगात एक नंबर हाय, आक्कासाहेब."

"दारू सोडून काय बी न्हाई त्यात!" मागून कुणी तरी ओरडले आणि सभागृह हसले.

"कार्ड कुणाचे होते?" मी विचारले.

"घराचं."

"घराचे कसे? माणसाचे असते."

युवराजने माझ्याकडे जरा कणवेने पाहिले. "आक्कासाहेब, त्यांनीच सांगितलं की. एका घरातनं एकच घ्यायचा. आमी म्हटलं, बरं झालं, घरटी एक माणूस. मयताला घरटी एक, बंधाऱ्याच्या कामाला घरटी एक, तसं ह्ये. आता रोज एकच गडी कसा जाईल? ज्याला सवड त्यो जातो. घराची हजेरी लागली म्हंजे झालं."

त्याची भावजय सुवर्णा दारात उभी होती. ती पदर सावरत पुढे आली. "मी तर दोन घेतल्यात, बाईसाहेब. एक हितली आन एक म्हायेरची. आई म्हणाली, मला भ्या वाटतंय, तू जा."

"माहेरच्या कार्डावर?"

"मग? म्हायेरचं नाव खाली जाऊ द्यायचं व्हय?"

त्या दिवशी मी मिळतील तेवढ्या घरांना विचारले. सगळीकडे तेच. भाऊ, जाऊ, पुतण्या, सून. कार्ड डब्यात, आणि ज्याचे हात मोकळे तो कार्ड घेऊन दूध संस्थेत. कुणी लबाडी केली नव्हती. उलट प्रत्येक घराने सांगितलेले काम चोख पार पाडले होते, आणि गैरहजर घर एकही नव्हते. पुण्यामुंबईच्या विद्वानांनी 'एका घरातून एकच व्यक्ती' असा नियम केला तो यासाठी की, एका घरातल्या माणसांचे रक्त आणि राहणी सारखी असते, ती आकड्यांत मिसळू नये. गावाने तो नियम ऐकला आणि आपल्या रीतीप्रमाणे पाळला. रक्त असे काही मिसळले की विचारू नये.

परतीच्या वाटेवर मी कागदही न घेता मनाशी मांडून पाहिले. पहिली सुई एकाला, दुसरी दुसऱ्याला. म्हणजे ज्या घरांना दोन्ही मात्रा लसीच्या मिळाल्या, तिथेही बहुतेकांच्या अंगात एकच गेली होती. दोन मात्रांचा गट या चाचणीत जवळजवळ नव्हताच. युवराजसारखे काही तर एकही सुई न घेता रक्त देऊन आले होते, आणि तसे दोन्ही गटांत होते. माझ्या मुलाने एका मात्रेची तुलना एका मात्रेशी केली होती आणि दोन्ही सारख्या निघाल्या म्हणून पेढे वाटले होते. पारखला यात काय सापडणार? प्रत्येक आकडा खरा, प्रत्येक थेंब खऱ्या माणसाचा. फक्त कुणाचा, हे विचारायला कुणी नव्हते.

रणधीरला मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितले. त्याने घास खाली ठेवला. माझा मुलगा मूर्ख नाही. त्याला समजावून सांगावे लागले नाही. तो म्हणाला:

"हे सिद्ध करता येईल. पहिल्या सुईआधी घेतलेलं आणि शेवटचं, दोन्ही रक्तं शीतगृहात ठेवलीयत. एका कार्डावरच्या दोन नमुन्यांची जनुकं जुळवून पाहिली की कळेल. पण त्या लोकांची संमती लागेल."

"मी आणते."

"आईसाहेब, थांबा जरा. पुढचा विचार करा. हा पुरावा पारखकडे गेला तर ते काय करेल? त्याला चूक ही गोष्टच माहीत नाही. एका कार्डावर दोन माणसांचं रक्त म्हणजे त्याच्या हिशेबी बनाव. तांबडा ठिपका. मी देशभर लबाड ठरेन. ते सोडा हवं तर. पण लोक मग जुनी, दोन मात्रांची खरी लससुद्धा घेणार नाहीत. आत्ता निदान एक तरी घेतील. काहीच नसण्यापेक्षा एक बरी."

"आपण अर्धेच झाकलेले आहोत हे ठाऊक असलेला माणूस शेकोटीजवळ सरकतो. पूर्ण झाकलेलो आहोत असे ज्याला सांगितले, तो उघड्यावर झोपतो. तू त्यांना उघड्यावर झोपवतो आहेस."

"आणि माझं नाव?"

"ते मी ठेवले आहे. मला त्याची किंमत ठाऊक आहे."

तो उठून गेला. त्याने नकारही दिला नाही. पुरुषांच्या या अर्धवट उठून जाण्याचा मला आयुष्यभर तिटकारा आहे.

मी पत्रिकेला पत्र लिहिले. आताचे संपादक डॉ. समीहन वर्तक एके काळी माझ्या हाताखाली मुद्रिते तपासत. बरी तपासत, म्हणून वर चढले. दोन दिवसांनी त्यांनी घरी पडद्यावर तोंड दाखवले. रणधीर माझ्या शेजारी बसला होता.

"मॅडम, तुमचं पत्र पोचलं. पण त्याला ठिपका नाही."

"पत्राला ठिपका कसा असेल? त्यात आकडे नाहीत, युक्तिवाद आहे."

"तेच तर. युक्तिवाद पारखला वाचता येत नाही."

"तुम्हाला येतो?"

वर्तक हसले. त्यांना तो विनोद वाटला. "मॅडम, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. बिनठिपक्याचं छापलं तर वाचक पत्रिकाच सोडतील. मात्र..." त्यांनी आवाज खाली आणला, "...सरांचा निबंध वाचवायचा एक मार्ग आहे. हाळोबावाडीच्या परिचारिकांनी कार्डांमध्ये गोंधळ घातला, असं सरांनी लिहून द्यावं. तांबडा त्यांच्या नावावर जाईल, तेवढं केंद्र वगळलं जाईल. बाकीचा निबंध हिरवा राहील."

"बाकीच्या गावांत घरे नाहीत? तिथे काय घडले असेल?"

"ते कुणी विचारलेलं नाही, मॅडम."

"आणि त्या मुलींना नाव विचारायचीच बंदी होती."

"हो ना. म्हणजे त्यांना स्वतःची बाजू सिद्धच करता येणार नाही." आपण केवढी सोयीची गोष्ट शोधून काढली, या समाधानात ते थांबले.

आमच्या घराण्यात शिव्या देण्याची रीत नाही. मी एवढेच म्हटले, "वर्तक, तुम्ही मुद्रितेच तपासायला हवी होती." आणि पडदा बंद केला.

मग मी मुलाकडे पाहिले. हा प्रस्ताव ऐकताना तो 'नाही' म्हणाला नव्हता. त्या मुलींच्या नावावर डाग लावून आपले नाव स्वच्छ ठेवता येईल का, हे तो मनात तोलत होता, आणि ते मला दिसत होते. वर्तकांबद्दल मला जे वाटले ते सहज विसरण्यासारखे होते. रणधीरबद्दल त्या क्षणी जे वाटले, ते मी इथे लिहिणार नाही.

हंगाम त्या वर्षी लवकर लागला. सरकारी एक-सुईचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आतच गडहिंग्लजच्या रुग्णालयातून युवराजचा फोन आला. त्याचा दादा तापाने पडला होता. मी रणधीरच्या खोलीत गेले आणि म्हटले, "चप्पल घाल."

"कुठे?"

"तुझ्या चाचणीतला एक माणूस बघायला."

बाळासाहेब पोवार खाटेवर आडवे पडले होते. अंगाने मजबूत गडी. डोळे लाल, नाकात कापसाचे बोळे. सुवर्णा पायथ्याशी बसली होती. तिने मला ओळखले, रणधीरला नाही.

"ह्ये दरवर्षी पायाला त्याल लावून बागंत जायचे," ती म्हणाली. सरकार देते ते गोचीड पळवणारे तेल. "औंदा लावलंच न्हाई. मी रोज सांगाय लागले, तर म्हणायचे, सुई झालीया की. एकच पुरती म्हणून फोनवर आलंय. हिरवं आलंय."

बाळासाहेबांनी डोळे किलकिले करून रणधीरकडे पाहिले. "ह्ये कोण पावणं?"

रणधीर खाटेजवळ सरकला. "ती सुई... ती चाचणी माझी होती."

खाटेवरचा माणूस उठायचा प्रयत्न करू लागला. डॉक्टरसाहेब आलेत आणि आपण झोपून कसे बोलावे, म्हणून. रणधीरने त्याला खांद्याला धरून पुन्हा झोपवले. आपल्या चाचणीतल्या माणसाला त्याने पहिल्यांदाच हात लावला होता.

"सायेब," बाळासाहेब क्षीण आवाजात म्हणाले, "आमचं काय चुकलं का? धाकट्यानं रगात दिलं म्हणून हुईल का असं?"

रणधीरने नकारार्थी मान हलवली. सुवर्णाने नवऱ्याचे पाय पांघरुणात घेतले आणि रणधीरकडे न पाहताच विचारले, "आता बाकीच्या गावांतल्या लोकांनी त्याल लावायचं का न्हाई, तेवढं सांगा."

"लावायचं," रणधीर म्हणाला. "सगळ्यांनी लावायचं."

"आसं तुमी इथं म्हणून काय उपेग? फोनवर तर दुसरंच हाय."

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला पाणी दिले नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. एवढेच सांगितले: "हा पुरावा मी पाठवीन किंवा तू पाठवशील. माझ्या नावाने गेला तर लोक तुला लबाड म्हणतील, तुझ्या नावाने गेला तरी लबाडच म्हणतील. यंत्राला फरक कळणार नाही. मला कळेल."

दुसऱ्या दिवशी हाळोबावाडीत दूध संस्थेपुढे सगळे गाव जमले. मी बजावून ठेवले होते: घरटी एक चालणार नाही, ज्याचे रक्त त्यानेच यायचे. रणधीरने त्यांना सगळे समजावून सांगितले. आधी हशा पिकला, मग आवाज चढले.

"म्हंजे आमाला सुई लागलीया का न्हाई?"

"कुणाला अर्धी लागली आहे, कुणाला तीही नाही."

"आन ह्ये तुमाला आता कळतंय व्हय? डॉक्टर हायसा न्हवं?"

तो मान खाली न घालता उभा राहिला. तेवढे बरे केले. आपापल्या नमुन्याची जनुके जुळवायला त्या सगळ्यांनी संमती दिली; शिव्या देत दिली, पण दिली.

निकाल मला आधीच ठाऊक होता. निम्म्याहून अधिक कार्डांवर पहिले रक्त एकाचे आणि शेवटचे दुसऱ्याचे निघाले. रणधीरने पुरावा स्वतःच्या नावाने पारखकडे पाठवला. सोबत निवेदन जोडले, की दोष परिचारिकांचा नाही, लोकांचा नाही. चाचणी ज्याने आखली त्याचा आहे. पारखने निवेदन वाचले नाही, कारण त्याला ते वाचता येत नाही. चहा निवायच्या आत निबंधाचा ठिपका तांबडा झाला.

त्यानंतर देशाने आपले खरे रूप दाखवले. पेढे घेऊन आलेले न्यायाधीश फाटकाबाहेरून वळसा घालून फिरायला जाऊ लागले. बातम्यांत 'सरनोबत लस घोटाळा' असे नाव पडले. त्यातल्या एकाही बातमीदाराने निवेदन उघडले नव्हते. वर्तकांनी मुलाखत दिली, की पत्रिकेला सुरुवातीपासूनच शंका होती. आणि पारखच्या मालकांनी तर मोठ्या जाहिराती दिल्या: 'पारखने आणखी एक बनावट चाचणी उघडकीस आणली.' जे यंत्र आंधळेपणाने हिरवे झाले आणि तितक्याच आंधळेपणाने तांबडे, त्याचा जयजयकार झाला. विज्ञानावरचा लोकांचा विश्वास दृढ झाल्याचे एका पाहणीत आढळले म्हणे.

एक-सुईचा कार्यक्रम रद्द झाला, हे या गदारोळात फारच थोड्यांच्या लक्षात आले. बाळासाहेब पोवार वाचले. त्यांचे हात अजून थरथरतात, काजू फोडता येत नाहीत.

रणधीरला चाचण्या करायला बंदी झाली. सुई टोचायला नाही. दोन मात्रांची जुनी लस दवाखान्यांत पडून होती आणि रणधीर म्हणाला होता तेच घडत होते: लोक घेत नव्हते. तांबडा ठिपका कोणत्या निबंधाचा आणि कोणत्या लसीचा, हे पाहण्याइतकी सवड कुणाला होती? आठवड्यातून तीन दिवस तो लसीची पेटी घेऊन जंगलकडेच्या वाड्यांवर जाऊ लागला. मी त्याला जा म्हटले नव्हते. एकदा मी त्याच्याबरोबर गेले. मदत करायला नव्हे. तो काम नीट करतो की नाही, ते पाहायला.

हाळोबावाडीतले लोक आले होतेच. त्यांना सगळी हकीकत मुळापासून ठाऊक होती. ती त्यांच्याच दंडांवर घडली होती. बाकीच्या वाड्यांवरून मात्र पाचसहाच माणसे आली होती, तीही लांब उभी. रणधीर टेबलामागून उठून प्रत्येकाजवळ जात होता, नाव विचारत होता, तोंडाकडे नीट पाहत होता. पलीकडच्या वाडीतली एक उंचनिंच म्हातारी काठी टेकत पुढे आली. मी तिला पूर्वी कधी पाहिले नव्हते. तिने रणधीरला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले:

"ह्योच का त्यो, फोनवर खोटारडा म्हणत्यात त्यो?"

बोलायला मी तोंड उघडले होते, पण मिटले.

"होय, आजी," रणधीर म्हणाला. "तोच."

"खोटं केलंस?"

"नाही. गाढवपणा केला. समोर कोण बसलंय ते पाहिलंच नाही."

म्हातारीने काठी बगलेत धरली, खुर्चीत बसली आणि लुगड्याचा पदर खांद्यावरून मागे टाकला.

"गाढव परवडलं," ती म्हणाली. "टोच."